सोल्युशन वाळेपर्यंत

अधारताल

जबलपूरहून परत आले तर जो भेटेल तो एकच विचारतो, भेडाघाट पाहिला का. नाही पाहिला. संगमरवराचे कडे, धबधबा, होडीतली चक्कर, यातलं काहीही मी केलं नाही. दोन दिवस सायकल चालवली आणि त्यातला बराचसा वेळ रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून दुसऱ्यांची चाकं धरली. तरी सांगते, इतका चांगला प्रवास बऱ्याच वर्षांत घडला नव्हता.

मी साताऱ्याच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक आहे. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते माइकवरून सांगायचं आणि उशिरा आलेल्या ड्रायव्हरकडे डोळे वटारून बघायचं, हे माझं काम. त्यामुळे वेळेच्या बाबतीत मी जरा कडक आहे. घरचे त्यातला ‘जरा’ काढून टाकतात. सायकलीचा नाद मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर लागला. रविवारी पहाटे कासच्या रस्त्याला निघायचं, ठरल्या वेळेला परत यायचं. वाटेत कुणाची सायकल बिघडलेली दिसली तर आम्ही हात वर करून ‘काही हवंय का’ असं चालत्या सायकलवरून विचारतो आणि उत्तर ऐकू येण्याच्या आत पुढे जातो. हेच सभ्यपणाचं लक्षण, असं मला आजवर वाटायचं.

जबलपूरला गेले ते भाऊबीजेला. माझी आई वर्ध्याची. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे वसंतमामा, तरुणपणी संरक्षण खात्याच्या कारखान्यात फिटर म्हणून जबलपूरला गेले आणि तिथलेच झाले. आईला आता गाडीचा प्रवास झेपत नाही, म्हणून यंदा तिच्या वतीने ओवाळायला मी गेले. मामा सत्तरीचे. मामी जाऊन तीन-चार वर्षं झाली. अधारतालच्या घरात मुलगा प्रशांत, सून सीमा आणि नात गार्गी. घरात मराठी चालते, पण दर दोन वाक्यांनी हिंदीच्या अंगणात जाऊन येते. गार्गीला तर मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीतच येतं.

ओवाळून झालं, पानं वाढली, आणि मामांनी बासुंदीची वाटी हातात घेऊन जाहीर केलं की परवा ते सायकलने मझौलीला जाणार. तिथे त्यांचे कारखान्यातले जुने दोस्त रामसजीवन पटेल राहतात. जायला एक दिवस, यायला एक दिवस. प्रशांतने हातातला घास ताटात ठेवला.

कारण मला नंतर सीमाने सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात मामा भाजी आणायला गेले आणि दुपार उलटून गेली तरी आले नाहीत. फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. प्रशांतने दवाखाने पालथे घातले. सीमा फाटकाशी बसून रडली. संध्याकाळच्या सुमाराला मामा आले ते मेथी पार कोमेजलेली आणि दोन्ही हात काळे. बायपासला एका माणसाची सायकल पंक्चर होती, मग दुसऱ्याची. फोन का उचलला नाही, तर म्हणे हात काळे होते. असं पुढेही दोनदा झालं.

तर प्रशांतने त्या दिवशी ताटावरच अट घातली. जा, पण दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या आत घरी. मध्ये गाडी बोलवायची नाही. यातलं एक जरी चुकलं तर सायकलची किल्ली त्याच्या हातात द्यायची आणि तो ती सायकल देऊन टाकणार. मामांनी बासुंदी संपवली, वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, “ठरलं.” पंच म्हणून माझी नेमणूक झाली, कारण घड्याळाच्या बाबतीत माझा लौकिक तिथवर पोहोचलेला होता. मी सोबत जाणार, गार्गीची गिअरची सायकल घेऊन.

निघायच्या आदल्या रात्री सीमा भांडी आवरताना मला म्हणाली, “दीदी, मी वाईट नाहीये. मला फक्त ती दुपार परत नको.” मला तिचं सोळा आणे पटलं. मी मनातून प्रशांतच्याच बाजूची होते, हे इथे सांगून टाकते.

सिहोऱ्याचा रस्ता

सकाळी चांगलाच गारठा. मामांनी मफलर कानाभोवती गुंडाळला आणि आपली काळी, उंच, दांडीवाली सायकल काढली. दांडीला पंप बांधलेला. कॅरिअरवर मामींचा जुना स्टीलचा डबा. मला वाटलं त्यात दशम्या असतील. उघडून पाहिला तर रबराचे कापलेले गोल तुकडे, सोल्युशनची ट्यूब, काचकागद, टायर काढायला चमच्यांचे दोन दांडे आणि एक नेलकटर. नेलकटर कशाला, असं विचारलं तर म्हणाले, “दिसेल न.”

महाराजपूर मागे पडलं आणि रुंद, सरळ हमरस्ता लागला. एका बाजूला कापलेलं धान, दुसऱ्या बाजूला नुकतं वर आलेलं वाटाण्याचं शेत, आणि मधून लाल मातीने माखलेले खनिजाचे ट्रक. पनागरला थांबून पोहे-जलेबी खाल्ली. पोह्यांबरोबर जिलबी ही गोष्ट आमच्याकडे कुणाला सांगितली तर तो माझ्या तोंडाकडे बघेल. वाफेवरचे मऊ पोहे, त्यावर शेव, आणि बाजूला गरम जलेबी. एक घास तिखट, एक गोड. मी दुसऱ्यांदा मागवले आणि तेव्हा मात्र घड्याळाकडे पाहिलं नाही.

गोसलपूरच्या अलीकडे कडेला एक तरुण उभा होता. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, डोळ्यांवर मोठा गॉगल, आणि कागदासारखी हलकी सायकल. मागचं चाक बसलेलं. मी माझ्या सवयीने हात वर करून विचारत पुढे गेले. बऱ्याच अंतरावर जाऊन मागे पाहिलं तर मामा नाहीत. ते त्या मुलाच्या सायकलपाशी मांडी ठोकून बसले होते.

परत फिरले. मामांनी टायरवरून अंगठा फिरवला, एका जागी थांबले आणि नेलकटरने केसासारखी बारीक तार ओढून काढली. ट्रकचे टायर फुटतात, त्यांच्यातल्या तारा रस्त्यावर पसरतात आणि सायकलच्या टायरमध्ये घुसून बसतात. ती काढल्याशिवाय नवी ट्यूब घातली तरी परत फुटणार. त्या मुलाने तेच केलं होतं. जवळची ट्यूब घातली आणि तीही गेली. मग मामांनी ट्यूब गालाजवळ धरून हवा कुठून येते ते पाहिलं, काचकागदाने जागा घासली, सोल्युशन लावलं आणि स्वस्थ बसले.

आता तुकडा चिकटवा की, असं मी म्हटलं. मामा म्हणाले, “काहून घाई करून राहिली? सोल्युशन वाळू दे. ओल्यावर लावलं का निघून येते.”

आणि मग सुरू झालं ते, ज्यात खरा वेळ जातो. सोल्युशन वाळेपर्यंत मामा त्या मुलाला विचारायला लागले. कुठला, इथे काय करतो, घरी कोण कोण. मुलगा भिलाईचा, कंप्युटरचं काम करतो, जबलपूरला खोली घेऊन एकटाच राहतो, काम खोलीतूनच. आधी तो हो-नाही इतकंच बोलत होता. मग आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, धाकट्या बहिणीचं लग्न, सगळं निघालं. शेवटी म्हणाला, “अंकल, चार दिन से किसी से आमने-सामने बात नहीं की थी।” मामांनी त्याला घरचा पत्ता दिला आणि रविवारी जेवायला बोलावलं. सीमाला न विचारता.

चाक बसवलं, हवा भरली, तरी मामा निघेनात. तो मुलगा पुढे गेला, आणि मामा त्याच्याकडे बघत उभेच. कशाची वाट बघताय, असं मी चिडून विचारलं. घंटीची, ते म्हणाले. पण त्या भारी सायकलला घंटीच नव्हती. मुलाने बरंच पुढे जाऊन वळून दोन शिट्ट्या मारल्या, तेव्हा कुठे मामांनी पायडलवर पाय ठेवला.

पुढे चालता चालता त्यांनी सांगितलं. त्यांच्या वेळी सगळा कारखाना सायकलवर जायचा. सकाळी रस्ता सायकलींनी भरून जायचा. भोंगा वाजला की फाटक बंद, आणि बाहेर राहिला त्याची अर्ध्या दिवसाची हजेरी गेली. म्हणून या लोकांनी आपसांत एक रीत पाडली होती. पंक्चर झालेल्याला एकट्याला सोडायचं नाही. ज्याला तो आधी दिसेल त्याने थांबायचं. आभार मानायचे नाहीत. दुरुस्ती झाली की त्या माणसाने पुढे जाऊन दोनदा घंटी वाजवायची, म्हणजे चाक टिकलं. मगच थांबलेल्याने निघायचं. सोल्युशन वाळेपर्यंत बोलायला वेळ मिळायचा, आणि त्या वेळात काय काय ठरून जायचं. मामींचं स्थळ तसंच आलं. नागपूरकडच्या एका सहकाऱ्याचं पंक्चर काढताना त्याला एक बहीण आहे हे निघालं. “टायरमंदी बाभळीचा काटा होता,” मामा म्हणाले, “अजून आठवते.”

कारखान्याचे लोक आता मोटरसायकलवर जातात. भोंगा ऐकून पळणारं कुणी उरलं नाही. पण मामांच्या कानात तो अजून वाजतो, हे माझ्या लक्षात आलं.

सिहोऱ्याला पोहोचलो तेव्हा बाजारात हिरव्या-काळ्या सिंघाड्यांचे ढीग लागले होते. आपल्याकडे शिंगाड्याचं पीठ उपासाला आणतो, पण ते फळ पाण्यात वेलीवर येतं हे मी पहिल्यांदा पाहिलं. गावाबाहेरच्या तळ्यात माणसं तराफ्यावर ओणवी होऊन तोडत होती. उकडलेले सिंघाडे सोलून मीठ-मिरचीबरोबर खाल्ले. चव अगदी साधी, थोडी बटाट्याची आणि थोडी ओल्या खोबऱ्याची. बोटं मात्र काळी झाली. मामांनी आपली बोटं माझ्या बोटांशेजारी धरून दाखवली.

मझौली

पटेलजींचं घर गावाच्या टोकाला. पटेलजी दारातच उभे होते, हातात काठी. दोघे म्हातारे एकमेकांना भेटले ते असे, की आधी पटेलजींनी मामांच्या सायकलचं पुढचं चाक दाबून पाहिलं आणि मग मिठी मारली.

रात्री गक्कड-भरता झाला. गक्कड म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे जाड गोळे. ते फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भरताबरोबर खायचे. आईच्या माहेरी पानगे करतात त्याचेच हे जबलपुरी भाऊबंद. पटेलजींच्या बायकोने राख झटकून एकेक गोळा माझ्या ताटात टाकला आणि मी नको म्हणत खात राहिले.

सकाळी निघताना मामा गोठ्याकडे गेले. तिथे कोपऱ्यात पटेलजींची सायकल उभी होती. तीही काळी, तशीच दांडीवाली. गुडघा गेल्यापासून पटेलजींनी ती चालवली नव्हती. दोन्ही टायर जमिनीला टेकलेले आणि बाजूने चिरलेले. मामांनी पंप लावला. हवा आत जात होती आणि बाहेर येत होती. त्यांनी थोडा वेळ मारून पाहिलं, मग पंप काढून घेतला.

“हवा नसली का टायर उभ्या-उभ्या आपल्याच वजनानं चिरते,” ते म्हणाले. दोघे तिथेच उभे राहिले आणि एक म्हैस त्यांच्याकडे बघत रवंथ करत होती. मला त्या क्षणी पहिल्यांदा प्रशांतच्या अटीचा राग आला. मामांची सायकल दुसऱ्या कुणाच्या गोठ्यात अशी उभी असलेली मला दिसायला लागली, आणि ते काही केल्या डोळ्यांपुढून जाईना.

निघायला उशीर व्हायला नको होता. पण वराहाचं दर्शन घेतल्याशिवाय मझौलीहून कुणी जात नाही, असं पटेलजींनी बजावलं. देवळात दगडाचा भलामोठा वराह उभा आहे, आणि त्याच्या अंगभर लहान लहान मूर्ती ओळीने कोरलेल्या. एवढ्या सगळ्यांना पाठीवर घेऊन तो शांतपणे उभा आहे. मी हात जोडले आणि दिवे लागायच्या आत घरी पोहोचव, एवढंच मागितलं.

परतताना

पहिलं पंक्चर माझंच झालं. सिहोऱ्याच्या अलीकडे मागचं चाक लटपटलं आणि मी उतरले. मामांनी डबा माझ्या हातात दिला आणि स्वतः मैलाच्या दगडावर बसले. घरच्यांपुरता, ज्याचं चाक त्याचे हात, असा त्यांचा नियम. दुसऱ्याने धरायचं आणि सांगायचं. मी तार शोधली, काढली, घासलं, सोल्युशन लावलं. आणि मग, बसस्थानकावरची बाई ना मी, घड्याळ पाहिलं आणि तुकडा दाबून टाकला. मामा म्हणाले, वाळलं नाही अजून. मी म्हटलं, पुष्कळ वाळलंय. थोडं अंतर गेलो आणि चाक पुन्हा बसलं. सगळं परत पहिल्यापासून. या खेपेला मी सोल्युशन वाळेपर्यंत मुकाट बसले. मामांनी मला साताऱ्याची माणसं, माझ्या नोकरीतली भांडणं, आईची झोप, सगळं विचारून घेतलं. आई रात्री उठून बसते हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांना सांगितलं. घाईच्या पोटी मी आमचा बराच वेळ घालवला होता.

तरीही हिशोब जमत होता. दुपार कलली तेव्हा आम्ही गोसलपूरच्या पुढे होतो. तेवढ्यात सिंघाडेवाला दिसला.

त्याच्या सायकलच्या दोन्ही बाजूंना भरलेली पोती, मागचं चाक पूर्ण खाली, आणि तो माणूस सायकल पडू नये म्हणून तिला कमरेने रेटून उभा. पोती उतरवायला सायकल सोडावी लागणार आणि सोडली तर सगळं रस्त्यावर. ट्रक जवळून जात होते. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंच होते. मी म्हटलं, “मामा, आज नको. किल्ली जाईल.”

“माहीत आहे न,” ते म्हणाले आणि उतरले.

पोती उतरवली, दोन पंक्चर निघाली, सोल्युशन दोनदा वाळवलं. माणूस पनागरच्या बाजाराला निघाला होता. त्याने ओंजळभर सिंघाडे माझ्या पिशवीत घातले आणि भरल्या सायकलवरून पुढे जाऊन घंटी दोनदा वाजवली. मामांनी हात पुसले. सूर्य शेतांच्या टोकाशी आला होता. आता वेळेत पोहोचणं शक्य नाही, हे मला कळलं आणि त्यांनाही. मामांना रागवावं की त्यांच्या पाया पडावं, हे मला ठरवता येईना.

मी प्रशांतला फोन लावला. थोडी सवलत मागावी, सांगावं की उशीर माझ्या पंक्चरमुळे झाला, जे अर्धं खरं होतं. फोन वाजत राहिला. परत लावला. वाजत राहिला. मग सीमाला लावला. ती म्हणाली, प्रशांत केव्हाचाच निघालाय. शेजारच्या मुलाची सायकल मागून घेतली. गाडी नेली तर बाबा म्हणतील गाडी आली, म्हणून सायकलने तुमच्या समोर येतोय. “तुम्हाला भेटला नाही?” तिने विचारलं, आणि तिचा आवाज बदलला. “दीदी, तो फोन उचलत नाहीये. सायकल चालवून त्याला वर्षं झाली. त्या रोडवर ट्रक आहेत.”

मी मामांना सांगितलं. ते सायकलवर बसले आणि निघाले.

महाराजपूरच्या अलीकडे

सत्तरीचा माणूस इतक्या जोरात सायकल चालवू शकतो हे मी त्या संध्याकाळी पाहिलं. मला गिअर असून मागे पडायला होत होतं. मामा एकदाही वळले नाहीत. फक्त मध्ये मध्ये म्हणायचे, “परत लाव.” मी एका हाताने लावायची. वाजायचा आणि बंद व्हायचा. समोरून येणारी प्रत्येक सायकल बघायची, ती दुसऱ्याच कुणाची निघायची. कडेला काही काळं दिसलं की मामांचा वेग कमी व्हायचा, आणि ते झुडूप किंवा दगड निघालं की परत वाढायचा. सीमाची ती दुपार काय असेल हे मला आत्ता कळत होतं. मामांनाही कळत असावं, कारण एकदा ते थांबले, मफलर सोडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “असंच होत असेल न सीमाले. मी जातो तेव्हा.” मी म्हटलं, हो मामा, असंच होतं. ते परत निघाले.

उजेड जवळजवळ गेला होता. महाराजपूरच्या वस्तीतले पहिले दिवे दिसायला लागले, आणि त्यांच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, एक सायकल उलटी करून ठेवलेली. एक गणवेशातला रखवालदार हातात टॉर्च धरून उभा होता. खाली एक माणूस उकिडवा बसून विटेवर ट्यूब घासत होता. त्याच्या खिशात फोन वाजत होता. मीच लावलेला.

मामांनी सायकल सोडून दिली. ती पडली, त्यांनी पाहिलंही नाही. प्रशांतने मान वर केली. कपाळावर काळा पट्टा, गुडघे मातीत. त्याने मला फोन बंद करायची खूण केली आणि म्हणाला, “सुलूताई, उचलता येत नव्हता. हात काळे आहेत.”

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कळलं. तो बापाकडे बघायला लागला.

रखवालदाराने सांगितलं की पंक्चर सायकल त्याची, ड्यूटी लागायला थोडाच वेळ आहे, दुसरा माणूस सुटायचा थांबलाय, आणि हे भैया आपणहून थांबले. प्रशांत पुटपुटला की बाबांकडचं सोल्युशन संपलं असेल म्हणून त्याने दुकानातून नवी ट्यूब आणि तुकडे घेतले होते, काचकागद घ्यायचा विसरला, म्हणून विटेवर घासता घासता इतका वेळ गेला. सोल्युशन लावून तो लगेच तुकडा चिकटवायला गेला तशी मामांनी हात पुढे केला. मला वाटलं आता ते काढून घेतील. पण त्यांनी हात मागे घेतला, जमिनीवर बसले आणि फक्त म्हणाले, “थांब. वाळू दे.”

आणि सोल्युशन वाळेपर्यंत या खेपेला त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. काळा हात धोतराला पुसला, माझ्याकडून फोन मागून घेतला आणि सीमाला लावला.

“सीमा, मी बाबा. प्रशांत इथं आहे, माझ्याजवळ बसून आहे. एकाचं पंक्चर काढून राहिला. काळजी नको करू.” मग थोडं थांबून म्हणाले, “मला आज समजलं, बेटा. आता थांबलो का आधी तुले फोन, मग चाक.”

पलीकडून ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. मामा नुसतं हो, हो म्हणत होते. प्रशांतने ट्यूब तोंडाजवळ धरून फुंकर घातली, बोटाने सोल्युशन चाचपलं, आणि बापाकडे पाहिलं. मामांनी मान हलवली. मग त्याने तुकडा दाबला.

रखवालदार सायकलवर बसला आणि अंधारात गेला. आम्ही तिघे उभे राहिलो. कुणीच निघेना. बऱ्याच पुढून दोनदा घंटी ऐकू आली, तेव्हा आधी निघाला तो प्रशांत.

घरी पोहोचलो तेव्हा गल्लीतले सगळे दिवे लागलेले. सीमा फाटकाशी उभी होती. तिने तिघांना वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं, आणि मग पंच म्हणून मला विचारलं. मी खोटं बोलले नाही. म्हटलं, उशीर झालाय.

मामांनी सायकल स्टँडला लावली, कुलूप घातलं, किल्ली काढली आणि प्रशांतसमोर धरली. “ठरलं होतं,” ते म्हणाले.

प्रशांतने दोन्ही हात पालथे करून पुढे केले. “बाबा, माझे हात काळे आहेत. तुमच्याकडेच राहू द्या.”

मामांनी त्या हातांकडे पाहिलं. मग त्यांनी किल्ली परत सदऱ्याच्या खिशात टाकली, आणि पांढऱ्या खिशावर त्यांच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला. सीमाने तो पाहिला आणि दोघांनाही नळावर पिटाळलं.